बॅरल किती इंच, गॅस कुठून? भरतीच्या पोरांसाठी आणि गनमनच्या नोकरीवाल्यांसाठी सोपी माहिती

सुरत : उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, नवागाम. सुरतेच्या या भागांत खानदेशातून आलेली मराठी घरं गल्लोगल्ली आहेत. या घरांतली पोरं दोन वाटांनी बंदुकीच्या जवळ जातात. एक वाट भरतीची : लष्कर, बीएसएफ, सीआरपीएफ, एसआरपी किंवा पोलीस. दुसरी वाट पोटापाण्याची : हिऱ्यांच्या ऑफिसात, बँकेत, कॅश व्हॅनवर गनमन म्हणून. पहिल्या वाटेवरच्या पोराला इन्सास आणि एके-२०३ यांतला फरक विचारला जातो. दुसऱ्या वाटेवरच्याला तो फरक कोणी विचारत नाही, पण बॅरलची लांबी आणि परवान्यावरची एक ओळ त्याला थेट जेलपर्यंत नेऊ शकते. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी देत आहोत.

आधी तीन शब्द पक्के करा

बोल्ट अ‍ॅक्शन : प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करायचा. आपल्याकडची जुनी थ्री-नॉट-थ्री अशी आहे.

अर्धस्वयंचलित, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक : ट्रिगर एकदा दाबला की एक गोळी सुटते. रिकामं खोकं बाहेर फेकणं आणि नवी गोळी चेंबरमध्ये घालणं हे काम रायफल स्वतः करते. दुसऱ्या गोळीसाठी ट्रिगर सोडून पुन्हा दाबावा लागतो. एसएलआर हे नावच ‘सेल्फ लोडिंग रायफल’चं, म्हणजे स्वतः भरणारी.

स्वयंचलित : ट्रिगर दाबून धरला तोपर्यंत गोळ्या सुटत राहतात. आजच्या बऱ्याच लष्करी रायफलींना कळ असते. कळ फिरवली की तीच रायफल सेमी किंवा ऑटो चालते.

गॅस नेमकं काय करतो?

गॅस म्हणजे वेगळी टाकी वगैरे काही नाही. गोळीच्या खोक्यातली दारू जळते, तिचा प्रचंड दाबाचा वायू होतो आणि तोच गोळीला नळीतून पुढे ढकलतो. नळीत एका ठिकाणी बारीक भोक असतं, त्याला गॅस पोर्ट म्हणतात. गोळी ते भोक ओलांडून गेली की थोडासा वायू त्यातून वर निघतो. पुढचं सगळं काम या थोड्याशा वायूचं : बोल्टचं कुलूप उघडायचं, बोल्ट मागे ढकलायचा, खोकं बाहेर काढायचं. मागची स्प्रिंग दाबली जाते आणि परत येताना नवी गोळी आत घालते.

यात वेळेला फार महत्त्व आहे. गोळी भोकापुढे गेली पण अजून नळीतच आहे, तेवढाच वेळ वायूला दाब मिळतो. गोळी तोंडातून बाहेर पडली की दाब लगेच पडतो. हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. म्हणून बॅरलची लांबी आणि गॅस पोर्टची जागा या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढून समजत नाहीत.

गॅसच्या तीन पद्धती

१) लाँग स्ट्रोक पिस्टन. इथे पिस्टन बोल्ट कॅरियरला पक्का जोडलेला असतो आणि त्याच्यासोबत शेवटपर्यंत मागे जातो. जड भाग जोरात हलतो, त्यामुळे धूळ, चिखल, कचरा असला तरी काम अडत नाही. तोटा एवढाच की वजन मागे-पुढे होतं आणि नेम थोडा हलतो. एके-४७ घराण्यातल्या सगळ्या रायफली अशा आहेत. आपली इन्सासही याच पद्धतीची.

२) शॉर्ट स्ट्रोक पिस्टन. इथे पिस्टन वेगळा असतो. तो बोल्ट कॅरियरला एक टोला देतो आणि आपल्या स्प्रिंगने जागेवर परत येतो. कॅरियर पुढचा प्रवास स्वतःच्या वेगावर करतो. हलणारं वजन कमी, मागच्या भागात काजळी कमी. एसएलआर या पद्धतीची आहे.

३) थेट गॅस. यात पिस्टनचा दांडा नसतो. एक बारीक नळी वायूला सरळ बोल्ट कॅरियरपर्यंत नेते. रायफल हलकी होते आणि नेम चांगला राहतो. पण गरम वायू आणि काजळी आतल्या भागातच येते, त्यामुळे साफसफाई नीट आणि वेळेवर लागते. अमेरिकेची एम-१६ आणि एम-४ अशा आहेत.

कोणती सर्वांत चांगली, असं वर्गात विचारलं तर एका शब्दात उत्तर देऊ नका. वाळवंट, बर्फ, पाऊस, साफसफाईला मिळणारा वेळ आणि किती लांब मारायचं आहे, यावर ते ठरतं.

बॅरल लांब की आखूड?

नळी लांब असली की वायूला गोळी ढकलायला जास्त अंतर मिळतं आणि वेग वाढतो. उदाहरण एकाच घराण्यातलं घेऊ. एम-१६ ची बॅरल २० इंच, एम-४ ची साडेचौदा इंच. दोन्हींत तीच ५.५६ ची गोळी. एम-१६ मधून ती सेकंदाला साधारण ९४०-९५० मीटर वेगाने निघते, एम-४ मधून साधारण ८८०-९१० मीटरने. साडेपाच इंच कमी केल्यावर एवढा फरक पडतो.

मग सगळेच लांब बॅरल का घेत नाहीत? कारण गाडीतून उतरताना, जिन्यात, घराच्या दारात, झाडीत लांब रायफल अडते. वजनही वाढतं. उलट बॅरल फार आखूड केली तर तोंडाशी जाळ आणि आवाज वाढतो, वेग पडतो आणि गॅसचं गणित बिघडतं.

ते गणित असं. बॅरल आखूड करताना गॅस पोर्टही मागे, चेंबरच्या जवळ आणावा लागतो. तिथे वायूचा दाब जास्त असतो. मग कॅरियर जोरात आणि लवकर मागे येतो, भागांची झीज लवकर होते, खोकं नीट सुटत नाही. एम-१६ घराण्यात म्हणूनच गॅस नळीच्या वेगवेगळ्या लांब्या आहेत : कार्बाइन साधारण ७ इंच, मध्यम ९ इंच, रायफल १२ इंच. २० इंची बॅरलला लांब नळी, साडेचौदा इंचीला आखूड. १६ इंचीवर आखूड आणि मध्यम दोन्ही बसवतात, आणि मध्यम नळीवर धक्का सौम्य लागतो.

आणखी एक गैरसमज काढून टाका. लांब बॅरल म्हणजे आपोआप जास्त अचूक, असं नाही. अचूकपणा नळीच्या दर्जावर, जाडीवर, गोळीवर आणि मारणाऱ्यावर असतो. लांबीने मुख्यतः वेग मिळतो. उघड्या साइटवर पुढची आणि मागची साइट लांब राहते, हा फायदा मात्र खरा.

हजिऱ्याच्या तोफेचं गणित

सुरतेच्या पोरांना हे गणित घराजवळच पाहता येईल. हजिऱ्याला एल अँड टीच्या कारखान्यात के-९ वज्र ही स्वयंचालित तोफ तयार होते. २०१७ मध्ये १०० तोफांचा करार झाला. १९ जानेवारी २०१९ ला हजिऱ्याच्या आर्मर्ड सिस्टिम्स कॉम्प्लेक्सचं उद्घाटन झालं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये शंभरावी तोफ लष्कराकडे गेली. ही तोफ ‘१५५ मिमी, ५२ कॅलिबर’ अशी लिहितात. इथे कॅलिबर म्हणजे लांबीचं माप : नळीच्या तोंडाच्या ५२ पट. १५५ गुणिले ५२ केलं की ८,०६० मिमी, म्हणजे आठ मीटरच्या थोडी वर नळी. बोफोर्स ३९ कॅलिबरची, म्हणून तिची नळी सहा मीटरच्या आसपास. भरतीत हा प्रश्न आला तर गुणाकार करा, पाठ करायची गरज नाही.

आपल्या जवानांच्या हातातल्या रायफली

• थ्री-नॉट-थ्री (ली-एनफील्ड) : बोल्ट अ‍ॅक्शन, गॅस पद्धत नाही. बॅरल साधारण २५ इंच. १९६२ च्या चीन युद्धात बहुतेक जवानांकडे हीच होती. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत एके रायफली घेऊन आलेल्या अतिरेक्यांसमोर सीएसटीवर पोलिसांच्या हातात हीच बंदूक होती.

• एसएलआर (१ए१) : ७.६२×५१ गोळी, शॉर्ट स्ट्रोक, बॅरल साधारण २१ इंच, २० गोळ्यांचं मॅगझिन, फक्त सेमी. बेल्जियमच्या एफएएल रायफलीवरून इशापूरच्या कारखान्यात तयार झाली. गोळी दमदार, पण रायफल एक मीटरहून लांब आणि जड. पुढे गॅस रेग्युलेटर आहे. गॅस कमी पडला तर बोल्ट पूर्ण मागे येत नाही आणि पुढची गोळी भरली जात नाही. तेव्हा रेग्युलेटर फिरवून गॅस वाढवायचा. ट्रेनिंगमध्ये हा ड्रिल घोटून घेतात.

• इन्सास : ५.५६×४५ गोळी, लाँग स्ट्रोक, फिरता बोल्ट, बॅरल ४६४ मिमी म्हणजे सव्वाअठरा इंच. सेमी आणि तीन गोळ्यांचा बर्स्ट. २० गोळ्यांचं अर्धपारदर्शक मॅगझिन, गोळ्या किती उरल्या ते बाहेरून दिसावं म्हणून. आराखडा पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीई संस्थेचा.

• इन्सास एलएमजी : तीच गोळी, तीच गॅस पद्धत, पण बॅरल ५३५ मिमी आणि जाड. सलग फायर करताना नळी तापते, म्हणून जाडी लागते.

• एके-२०३ : ७.६२×३९ गोळी, लाँग स्ट्रोक, बॅरल ४१५ मिमी म्हणजे सव्वासोळा इंचांच्या वर थोडी. वजन ३.८ किलो, परिणामकारक पल्ला ३०० मीटर. डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून जास्त रायफलींचा करार झाला. कारखाना उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या कोरव्याला.

• सिग-७१६ : ७.६२×५१ गोळी, बॅरल १६ इंच. फेब्रुवारी २०१९ मध्ये ७२,४०० रायफलींचा करार झाला, २०२४ मध्ये आणखी ७३,००० घेतल्या. या नावाच्या रायफली पिस्टनच्या आणि थेट गॅसच्या अशा दोन्ही प्रकारांत तयार झाल्या आहेत. त्यामुळे फक्त नाव वाचून गॅस पद्धत सांगू नका, मॉडेल पाहा.

इथे एक गोष्ट लक्षात येईल. एसएलआर आणि सिग-७१६ यांची गोळी एकच, ७.६२×५१. पण एकीची बॅरल २१ इंच, दुसरीची १६. आणि ७.६२×५१ व ७.६२×३९ यांचा आकडा सारखा दिसला तरी त्या वेगळ्या गोळ्या आहेत. दुसरा आकडा खोक्याच्या लांबीचा आहे. एकीची गोळी दुसरीत चालत नाही. परीक्षेत सर्वांत जास्त पोरं इथेच फसतात.

कारगिलमध्ये इन्सासचं काय बिघडलं?

१९९९ च्या कारगिल युद्धात इन्सासबद्दल तक्रारी आल्या. थंडीत मॅगझिनचं प्लॅस्टिक तडकायचं, रायफल मध्येच अडकायची, काही वेळा मारणाऱ्याच्या डोळ्यांवर तेल उडायचं. बर्स्टवर ठेवली तर ऑटोसारखी चालल्याच्याही तक्रारी होत्या.

पण यावरून ‘लाँग स्ट्रोक वाईट’ किंवा ‘बॅरल चुकली’ असं म्हणणं बरोबर नाही. तीच गॅस पद्धत एकेमध्ये जगभर बर्फात आणि वाळूत चालते. मॅगझिनचं प्लॅस्टिक, भागांचं माप आणि कारखान्यातली तपासणी या वेगळ्या गोष्टी आहेत. रायफलीचा आराखडा कागदावर चांगला असला तरी प्रत्येक भाग सारखा तयार झाला नाही तर डोंगरावर त्याची किंमत जवान मोजतो. नंतर सुधारित आवृत्त्या निघाल्या, त्यांत बऱ्याच गोष्टी बदलल्या. याच पुण्याच्या संस्थेने पुढे ५.५६×३० गोळीची जेव्हीपीसी कार्बाइन तयार केली. तीही गॅसवर चालते, पण जवळच्या अंतरासाठी.

ऑलिंपिकची रायफल गॅसवर का नाही?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या रायफलीत .२२ ची गोळी एक-एक करून हाताने भरतात. स्पर्धेचा नियमच तसा आहे. वरून फायदाही आहे : गोळी नळीत असताना पिस्टन, कॅरियर असं काहीच हलत नाही, म्हणून नेम डगमगत नाही. सेमी-ऑटो रायफल वेगासाठी, ही शांतपणासाठी.

आता कायदा : इथे इंच मोजून शिक्षा होते

गनमनची नोकरी करणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

सामान्य माणसाला सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेता येते का? भारतात जवळपास नाही. शस्त्र नियमांच्या यादीत अशा रायफली निर्बंधित वर्गात आहेत. त्याचा परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देत नाहीत, तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा. अमेरिकेतला एखादा नातेवाईक दुकानातून १६ इंची रायफल घेतल्याचा व्हिडिओ पाठवतो, तो तिथला कायदा. तिथेही १६ इंचांपेक्षा आखूड बॅरलच्या रायफलीला वेगळी सरकारी नोंदणी लागते.

आपल्याकडे इंचाचा नियम बारा बोरला लागतो. गुळगुळीत नळीच्या बंदुकीची बॅरल २० इंचांपेक्षा, म्हणजे ५०८ मिमीपेक्षा कमी असेल तर ती साधी परवान्याची बंदूक राहत नाही, निर्बंधित वर्गात जाते. बँकेच्या दारात दिसणारी डबल बॅरल साधारण २८-३० इंचांची असते, ती चालते. पण ‘गाडीत अडते, थोडी कापून दे’ असं कोणी म्हणालं तर हात जोडा. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय बॅरल आखूड करणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. कापणारा आणि कापून घेणारा, दोघंही अडकतात.

नवापूर स्टेशनवरची रेघ

सुरत-भुसावळ लाइनवर नवापूर स्टेशन लागतं. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फोटो काढायला मजा येते, पण खांद्यावर बंदूक असेल तर ती रेघ खरी आहे.

परवान्यावर ‘वैधतेचं क्षेत्र’ लिहिलेलं असतं. समजा, सुरतेत गनमन असलेला नंदुरबारचा माजी सैनिक दिवाळीला गावी निघाला. परवाना फक्त गुजरातचा. तो बंदूक सोबत घेऊन नवापूर ओलांडतो, तर गुन्हा होतो. बंदूक त्याची, परवाना खरा, गोळी एकही नाही, तरीही. क्षेत्र वाढवून घ्यायचं असेल तर आधी परवाना देणाऱ्या कार्यालयात अर्ज करावा लागतो. नाहीतर जाताना बंदूक परवानाधारक शस्त्र दुकानात किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करून पावती घ्यायची.

आणखी चार गोष्टी :

• बंदूक मालकाच्या परवान्यावर असेल तर तुमचं नाव त्यावर रिटेनर म्हणून चढलेलं पाहिजे. ‘शेठने दिली’ हे पोलीस ठाण्यात चालत नाही.

• परवान्याला यूआयएन क्रमांक असतो. तो नसेल तर परवाना वैध धरला जात नाही.

• एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं. आधी तीन चालायची, २०१९ पासून दोन. परवान्याची मुदत पाच वर्षं.

• ‘पैसे द्या, दुसऱ्या राज्यातून ऑल इंडिया परवाना काढून देतो’ असं सांगणाऱ्या एजंटपासून लांब राहा. जम्मू-काश्मीरमधून निघालेल्या अशा परवान्यांची सीबीआय चौकशी झाली आहे. एजंट पळून जातो, नाव तुमचं राहतं. आणि एकदा गुन्हा दाखल झाला की भरतीच्या पडताळणीत तो निघतोच.

थोडक्यात, वहीत उतरवून घ्या

लाँग स्ट्रोक : एके-२०३, इन्सास. शॉर्ट स्ट्रोक : एसएलआर. थेट गॅस : एम-१६, एम-४.

बॅरल : थ्री-नॉट-थ्री २५ इंच, एसएलआर २१, इन्सास सव्वाअठरा, एके-२०३ सव्वासोळा, सिग-७१६ सोळा.

बारा बोरची कायद्याची मर्यादा : २० इंच.

घरात कोणी गनमन असेल तर आज संध्याकाळी त्यांचा परवाना एकदा उघडून पाहा. नाव, क्षेत्र, मुदत आणि यूआयएन, या चार ओळी. काही चुकलेलं असेल तर गावी जायचं तिकीट काढण्याआधी दुरुस्त करून घ्या.